वाचकांचे प्रश्न : दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधावेत?

प्रश्न : मी सेमी-इंग्रजीच्या सातवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. फळ्यावर सहा-सात अक्षरे लिहून ‘यांतून होतील तितके शब्द लिहा’ असा खेळ घेते. मुले रमतात; पण सगळे शब्द सापडले की नाही, हे मलाच सांगता येत नाही. मोबाइलवरचे ॲप क्षणात लांबलचक यादी देते, मात्र तिच्यातले कितीतरी शब्द मी कधी ऐकलेलेही नसतात. ॲप हे कसे करते, आणि माझ्या वर्गापुरती अशी सोय मला हाताने करता येईल का? — एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या प्रश्नाशी मिळतेजुळते आणखी दोन प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये म्हणून ते आधी वेगळे करतो. दिलेल्या अक्षरांतूनच शब्द बनवायचा, बाहेरचे अक्षर घ्यायचे नाही, हा आपला खेळ. दिलेली सर्व अक्षरे शब्दात कुठेही असावीत, सोबत इतर अक्षरे असली तरी हरकत नाही, हा दुसरा प्रकार. ‘एज्युकेशन’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये पाचही स्वर सापडतात, ते या प्रकारचे उदाहरण. आणि दिलेली अक्षरे त्याच क्रमाने सलग यावीत, उदाहरणार्थ शब्दाच्या शेवटी टी-आय-ओ-एन, हा तिसरा. तिन्हींची शोधपद्धत वेगळी आहे; इथे पहिल्या दोहोंचीच सांगतो.

आपल्या खेळात मुले जे करतात, म्हणजे अक्षरे पुन्हा पुन्हा फिरवून पाहतात, ते संगणकालाही परवडणारे असले तरी शहाणपणाचे नाही. सात वेगवेगळी अक्षरे एका ओळीत 5,040 प्रकारांनी मांडता येतात आणि दोन अक्षरांपासून सात अक्षरांपर्यंतच्या सर्व मांडण्या मोजल्या तर त्या 13,692 भरतात, ज्यांतल्या बहुतेक निरर्थक असतात. म्हणून जाणकार दिलेली अक्षरे फिरवत बसत नाहीत. ते शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे एकदाच वर्णमालेच्या क्रमाने लावून ठेवतात. ‘पोस्ट’ या शब्दाची अक्षरे अशी लावली की ओ-पी-एस-टी मिळते. स्टॉप, स्पॉट, टॉप्स आणि पॉट्स यांचीही तीच. या क्रमवार अक्षरांना आपण त्या शब्दाची ‘खूण’ म्हणू. मग दिलेल्या सात अक्षरांतून निदान दोन अक्षरांचे जितके गट निघतात, त्या फक्त 120 खुणा यादीत पाहायच्या. एखादे अक्षर दोनदा आले असेल तर खुणा आणखी कमी होतात.

हाताने करायचे तर कार्डे वापरावीत. पाठ्यपुस्तकातला प्रत्येक शब्द एका कार्डावर लिहावा, वरच्या कोपऱ्यात त्याची खूण लिहावी आणि कार्डे शब्दानुसार न लावता खुणेनुसार लावावीत. असे केल्याने एक फार सोयीची गोष्ट घडते : ज्या शब्दात कुठेही ‘ए’ आहे, त्याची खूण ‘ए’नेच सुरू होते, त्यामुळे असे सर्व शब्द पहिल्या गठ्ठ्यात जमतात. फळ्यावर ‘ए’ नसेल तर तो अख्खा गठ्ठा न उघडता बाजूला ठेवता येतो. मग ‘बी’ नसेल तर त्याचा गठ्ठा, आणि असेच पुढे. ‘ए’ आणि ‘ई’ दोन्ही नसतील तर चाळायला फारच थोडी कार्डे उरतात. दुहेरी अक्षरांचा घोळही खुणेत लपत नाही. ‘बॉल’ची खूण ए-बी-एल-एल आहे, तेव्हा फळ्यावर एकच ‘एल’ असल्यास तो शब्द बाद, हे नजरेला लगेच कळते. मुलांना मात्र स्पेलिंगवरूनच खूण काढायला सांगावी, उच्चारावरून नव्हे, कारण ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ यांची अक्षरे तंतोतंत सारखी आहेत, हे ऐकून कुणाला पटणार नाही.

दुसऱ्या प्रकारासाठी स्प्रेडशीटमध्ये शब्दांची एक उभी यादी करून एकेका अक्षराचा फिल्टर लावत जावे, एवढे पुरते. हाताने चाळताना आधी क्यू, झेड, एक्स, जे अशी दुर्मीळ अक्षरे घ्यावीत. ‘ई’पासून सुरुवात केली तर पहिल्या फेरीत फारसे काही गळत नाही.

आता अनोळखी शब्दांविषयी. अशी ॲप बहुधा स्क्रॅबल या, अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द बनवण्याच्या खेळाच्या शब्दसूचींवर चालतात आणि त्या सूचींत हवाई बेटांवरच्या खडबडीत लाव्हासाठीचा ‘आआ’ किंवा चिनी विचारातल्या प्राणशक्तीसाठीचा ‘ची’ असे शब्दही ग्राह्य असतात, कारण खेळाडूंना ते गुण मिळवून देतात. शिवाय उत्तर अमेरिकेतली सूची आणि इतरत्र वापरली जाणारी सूची एकसारख्या नाहीत. ‘सगळे शब्द’ म्हणजे नेहमीच कुठल्यातरी एका यादीतले सगळे शब्द. सातवीच्या वर्गासाठी ती यादी पाठ्यपुस्तकाचीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अक्षरे निवडताना मात्र स्क्रॅबलकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. हा खेळ शोधणारे अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी 1930च्या दशकात वृत्तपत्रांतली अक्षरे मोजून कोणते अक्षर किती ठेवायचे हे ठरवले. 100 सोंगट्यांत ‘ई’ 12 आहेत, ‘क्यू’ एकच; आणि ‘एस’ फक्त 4, कारण तो जोडला की अनेकवचन होते आणि खेळ फार सोपा होतो. आपणही सात अक्षरांत दोन-तीन स्वर ठेवावेत आणि ‘एस’ क्वचितच द्यावा.

सुरुवातीला ‘टीचर’ची सात अक्षरे फळ्यावर लिहून पाहा. ‘ई’ दोनदा असल्याने तपासायच्या खुणा 89च होतात. हार्ट आणि अर्थ, टीच आणि चीट, थ्री आणि देअर या जोड्या मुले लवकर काढतील. सातही अक्षरे वापरणारा ‘चीटर’ कुणीतरी हसत हसत सांगेल. पण सातबाऱ्यावर रोज दिसणारा ‘हेक्टर’ही त्याच सात अक्षरांचा आहे आणि तो सहसा उशिरा सापडतो, कारण त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ उच्चारात येत नाही.