११ वर्षांच्या बेसबॉल पिचरची थ्रोइंग ॲक्शन कशी सुधारायची?

तुमचा मुलगा ११ वर्षांचा, बेसबॉलमध्ये उजव्या हाताने पिचिंग करतो, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकतो, चेंडू सारखे वर जातात आणि हल्ली सामना झाला की कोपर आतून दुखतं, असं तुम्ही लिहिलंय.

आधी दुखण्याचं. फेकणं आजच बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाड जिथे वाढत असतं तिथे अजून कूर्चाच असते आणि प्रत्येक फेकीचा ताण तिच्यावर येतो. या दुखण्याला 'लिटल लीग एल्बो' असं नावच पडलंय (लिटल लीग ही मुलांच्या बेसबॉलची संघटना). बर्फ लावून पुन्हा मैदानात पाठवायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ॲक्शन. मी मुलांना पिचिंग शिकवतो. चेंडू वर गेला की मीही "हात खाली आण" म्हणून ओरडायचो. मग एका मुलाचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला आणि पुढचा पाय टेकतो तिथे थांबवून पाहिला. पाय टेकलाय आणि चेंडू अजून मांडीपाशी! शरीर पुढे निघून गेलेलं, हात मागे राहिलेला. मग तो कोपर खांद्याच्या खालीच ठेवून हात ओढत आणणार, चेंडू लवकर सोडणार आणि फलंदाजामागे बसलेल्या कॅचरला उडी मारावी लागणार. पाय टेकताना चेंडू साधारण कानाच्या उंचीला आणि कोपर खांद्याच्या रेषेत आलेलं हवं.

हाताला उशीर का होत होता, तर तो चेंडू ग्लोव्हमध्येच धरून बसायचा. उचललेला गुडघा खाली यायला लागला की हात वेगळे व्हायला हवेत. मी त्याला एवढंच सांगितलं, "गुडघा खाली, हात वेगळे." बाकी सगळं गिळलं. मुलांना एका वेळी एकच सूचना पचते.

घरी चेंडूशिवाय करून घ्या. पाय उचलायचा, पुढे टाकायचा आणि टेकल्यावर पुतळ्यासारखं थांबायचं. हात कुठे आहे ते त्याला स्वतःला बघू द्या. असं दहा वेळा. मग जवळून जाळीत, निम्म्या जोराने. जमिनीवर मागच्या पायापासून होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा असतो तिकडे, खडूने रेघ मारा. डावा पाय रेघेवर पडला पाहिजे. तो फर्स्ट बेसच्या, म्हणजे त्याच्या डाव्या बाजूला पडला तर कंबर आधीच उघडते आणि सगळा भार हातावर येतो. चेंडू सुटल्यावर हात झटक्याने थांबवू नये, डाव्या गुडघ्यापलीकडे जाऊ द्यावा.

कर्व्हबॉलचा (वळणाऱ्या चेंडूचा) हट्ट धरेल, पण माझ्या मते आधी फास्टबॉल (वेगवान चेंडू) आणि चेंज-अप (त्याच ॲक्शनने टाकलेला संथ चेंडू) पुरे.

आणि चेंडू मोजा. लिटल लीगच्या नियमांत ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच टाकता येतात आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. ८५ ही मर्यादा आहे, गाठायचा आकडा नाही. सामन्याच्या शेवटी पाय टेकताना चेंडू पुन्हा मांडीपाशी दिसायला लागला, तर आकडा चाळीसचा असला तरी मी मुलाला बाहेर बोलावतो.