टेराफॉर्मने एसएसएच की पेअर तयार करून ती दर ९० दिवसांनी आपोआप बदलायची आहे. प्रायव्हेट की कुठे ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की चाळीसेक ईसी२ मशिनं (ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरचे भाड्याचे सर्व्हर) आहेत, ऑडिटवाल्यांनी दर ९० दिवसांनी की बदलायला सांगितली आहे, आणि टेराफॉर्ममधले (कोडमधून सर्व्हर वगैरे उभारणाऱ्या साधनातले) टाईम रोटेटिंग (ठरलेल्या मुदतीचं घड्याळ) व टीएलएस प्रायव्हेट की (किल्ल्यांची जोडी घडवणारा) हे दोन रिसोर्स एकमेकांना जोडून काम 'हँड्सफ्री' करायचा बेत आहे. अडलंय ते फक्त प्रायव्हेट की ठेवायची कुठे यावर.

आधी एक विनंती. अजून अप्लाय (टेराफॉर्मचा कोड प्रत्यक्षात उतरवणारी आज्ञा) मारलं नसेल तर मारू नका. (मराठीत 'की' लिहिलं की वाक्य अडखळतं, म्हणून मधूनमधून किल्ली म्हणेन. चालवून घ्या. एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय; तिच्या जोडीतली पब्लिक की मशीनवर बसते, प्रायव्हेट की माणसाकडे राहते.)

हे सगळं मी भोगलंय. साल २०२०, पुण्यातली एक कंपनी, सगळे घरून काम करत होते. ४१ मशिनं, सगळी मुंबई रीजनमध्ये. व्हीपीएनवरून एका जंप मशीनवर (बाकी मशिनांकडे जायचं एकच दार) जायचं, तिथे प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन. पुढे मात्र सगळीकडे एकच पेम फाईल (प्रायव्हेट की असलेली), आणि ती त्या जंप मशीनवर. आधी हीच फाईल व्हॉट्सॲपवर फिरायची, म्हणजे हीसुद्धा प्रगतीच होती.

आमचे आर्किटेक्ट सर नवे आले होते. त्यांचा मंत्र एकच: जे कोडमध्ये नाही ते अस्तित्वातच नाही. त्यांनी वीसेक ओळींचं मॉड्यूल लिहिलं. टीएलएस प्रायव्हेट कीने जोडी घडवायची, एडब्ल्यूएस की पेअरला त्यातली पब्लिक की द्यायची, आणि लोकल फाईलने पेम जंप मशीनवर उतरवायची. शुक्रवारच्या डेमोत सगळ्यांनी वाहवा केली. मी म्हटलं, सर, प्रायव्हेट की स्टेट फाईलमध्ये (टेराफॉर्मने काय काय उभं केलं त्याच्या नोंदवहीत) उघडी पडते. प्रोव्हायडरच्या डॉक्युमेंटेशनमध्येच तशी सूचना आहे. स्टेट क्लाउडवरच्या एका साठ्यात, म्हणजे बकेटमध्ये होती. सर म्हणाले, "बकेट प्रायव्हेट आहे, एन्क्रिप्शन ऑन आहे. आत शिरणार कोण?"

कोण म्हणजे, आपलेच लोक. प्लॅन (काय बदलणार याची पूर्वपाहणी) चालवायचा तर स्टेट वाचता यायलाच हवी, म्हणून ती टीममधल्या प्रत्येकाला वाचता येते. बकेटचं एन्क्रिप्शन डिस्क चोरणाऱ्याला अडवतं, ज्याला परवानगी दिली आहे त्याला नाही. आणि आउटपुटवर 'सेन्सिटिव्ह' लिहिलं की फक्त स्क्रीनवरचा मजकूर झाकला जातो, फाईलमध्ये तो तसाच असतो. दोन महिन्यांनी आमच्या इंटर्न मुलीने स्टेट पुल करून पाहिली आणि मला मेसेज टाकला: "दादा, यात 'बिगिन आरएसए प्रायव्हेट की' असं लिहिलंय. हे असंच असतं का?"

मी तो मेसेज जसाच्या तसा सरांना पुढे पाठवला. खोटं कशाला बोलू, थोडा खवचटपणा होताच त्यात. त्यांचं उत्तर आलं, "ठीक आहे, रोटेट करतो. दोन मिनिटांचं काम आहे."

तो गौरी जेवणाचा दिवस. त्या वर्षी पाहुणे नव्हते, आम्ही घरातलेच पाच जण. पान वाढलेलं, पुरणपोळीवर तूप पडलेलं, आणि फोन वाजला. सरांनी की टेंट केली होती (खराब ठरवून नवी घडवायला लावली होती), अप्लाय मारलं होतं, हिरव्या अक्षरात 'अप्लाय कम्प्लीट' आलं होतं: ३ ॲडेड, ० चेंज्ड, ३ डिस्ट्रॉइड. आणि आता कुठल्याच मशीनवर जाता येत नव्हतं. पर्मिशन डिनाईड, पब्लिक की. बायको म्हणाली, "अहो, पान थंड होतंय." मी ओट्यावर लॅपटॉप उघडला.

काय झालं होतं ते नीट वाचा, कारण तुमच्याकडे हेच होणार आहे, तेही दर ९० दिवसांनी. एडब्ल्यूएसमधली 'की पेअर' ही मशीनवरची किल्ली नव्हे. मशीन पहिल्यांदा बूट होतं तेव्हा क्लाउड-इनिट (पहिल्या बूटची मांडामांड करणारा प्रोग्रॅम) एडब्ल्यूएसच्या मेटाडेटातून पब्लिक की घेतं आणि ऑथराइज्ड कीज फाईलमध्ये (कोणाला आत घ्यायचं त्या यादीत) एक ओळ लिहितं. संपला संबंध. ती की मशीनच्या पाचवीला पुजलेली असते. नंतर एडब्ल्यूएसमध्ये तुम्ही ती उडवा, बदला, त्याच नावाने दुसरी आणा, चालत्या मशीनला पत्ताही लागत नाही. टेराफॉर्मला वाटतं काम झालं, कारण त्याच्या जगात ते झालेलं असतं. मशीनवर जुनीच किल्ली चालत राहते. फक्त आमच्या बाबतीत ती जुनी किल्ली आता कुणाकडेच नव्हती, कारण तिसरा रिसोर्स, ती लोकल फाईल, जंप मशीनवरची जुनी पेम पुसून नवी ठेवून मोकळा झाला होता.

की पेअरचं नावही बदललं तर? मग टेराफॉर्म मशीनच पाडून नवं उभं करतं. प्लॅनमध्ये 'फोर्सेस रिप्लेसमेंट' हे शब्द दिसतील. डेटाबेसच्या मशीनवर ते दिसले तर हात टेबलाखाली ठेवा.

गंमत म्हणजे दोन मशिनांवर नवी की चालत होती. दुपारी ट्रॅफिक वाढल्यावर ऑटोस्केलिंगने ती उभी केली होती, म्हणून त्यांना जन्मतःच नवी मिळाली. त्यामुळे अर्धा तास आम्ही 'काहींवर चालते, काहींवर नाही' या कोड्यात फायरवॉल तपासत बसलो.

सुटलो कसे ते सांगतो, तेच माझं जुनं दुखणं आहे. बकेटवर व्हर्जनिंग चालू होतं. स्टेटची अप्लायच्या आधीची आवृत्ती मी उतरवली, त्यात जुनी प्रायव्हेट की जशीच्या तशी. ती कॉपी करून पेममध्ये टाकली तर एसएसएच म्हणे 'इनव्हॅलिड फॉरमॅट'. जेसनमध्ये (स्टेट फाईलचा फॉरमॅट) सगळी की एकाच ओळीत असते, ओळ जिथे तुटायला हवी तिथे उलटी रेघ आणि एन. जेक्यूला (जेसन वाचणाऱ्या साधनाला) कच्चा मजकूर काढायला लावला, परवानगी ०४०० (फक्त मालकाला वाचता येईल अशी) केली, आणि शिरलो. पोळी तोवर चामट झाली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलवर सर काय म्हणाले असतील? "बघ, की स्टेटमध्ये होती म्हणून आपण वाचलो." सगळे हसले. मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही, आणि टीममध्ये तो वाद मी हरलो अशीच नोंद राहिली. उत्तर असं होतं: घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यामुळे एकदा घरात जाता आलं, म्हणून पायपुसणं तिजोरी होत नाही. आणि मला त्या दिवशी जशी सापडली तशीच ती पुढच्या प्रत्येक वाचणाऱ्याला सापडणार होती. रोटेशन करूनसुद्धा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. प्रायव्हेट की कुठे ठेवावी? ज्याची त्याच्या लॅपटॉपवर. टेराफॉर्मने ती बघूच नये. प्रत्येकाने स्वतः ईडी२५५१९ प्रकारची जोडी तयार करायची, पासफ्रेज घालून, आणि फक्त पब्लिक की गिट रेपोत (कोडच्या सामायिक साठ्यात) टाकायची, माणशी एक फाईल. माणूस आला की मर्ज रिक्वेस्ट, गेला की फाईल डिलीट. कोण कधी आला, कोणी मंजुरी दिली, सगळं गिटच्या लॉगमध्ये मिळतं, ऑडिटवाल्यांनाही तेच दाखवा. सरांचं 'सगळं कोडमध्ये' हे मला मान्यच आहे. कोडमध्ये काय ठेवायचं यावर भांडण होतं.

त्या फायली मशीनवर न्यायचं काम टेराफॉर्मचं नाही, ॲन्सिबलचं (अनेक मशिनांवर एकदम बदल करणारं साधन). आम्ही ऑथराइज्ड की मॉड्यूल वापरलं, 'एक्सक्लुझिव्ह' चालू करून, म्हणजे यादीत नसलेली प्रत्येक किल्ली पुसली जाते. ते 'एक्सक्लुझिव्ह' नसेल तर सगळं फुकट. किल्ली घालणं सोपं असतं, अडचण नेहमी काढण्यातच येते.

इथे मीही तोंडावर आपटलो, लपवत नाही. मी कीजवर लूप लावला. एक्सक्लुझिव्हला लूप कळत नाही. प्रत्येक फेरीत तो आधीची किल्ली पुसून नवी लिहितो आणि शेवटी उरतो फक्त यादीतला शेवटचा माणूस. चालू कनेक्शन जिवंत असतं म्हणून प्लेबुक (ॲन्सिबलची कामांची यादी) शेवटपर्यंत हिरवंगार, आणि त्यानंतर ॲन्सिबललासुद्धा प्रवेश बंद. यादी अक्षरक्रमाने होती. शेवटचा गडी चिपळूणला गावी गेलेला, आणि त्याला रेंज फक्त घरामागच्या फणसाखाली. नशीब स्टेजिंगची (चाचणीची) पाचच मशिनं होती. त्याने फणसाखाली बसून सगळ्यांना परत आत घेतलं. तेव्हा लूप नको. सगळ्या कीज ओळीने जोडून एकच मजकूर एकदाच द्या. मॉड्यूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे एका ओळीत लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं.

९० दिवसांचं म्हणाल तर ऑडिटरला एकदा विचारा, नक्की काय हवंय. मला तरी हा आकडा पासवर्डाच्या जुन्या चेकलिस्टमधून उचललेला वाटतो, आणि पासवर्डाबाबतसुद्धा अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको म्हणून सांगितलंय. बहुतेकदा त्यांना एवढंच हवं असतं की गेलेल्या माणसाचा प्रवेश बंद झाला याचा पुरावा द्या.

मुदत पाहिजेच असेल तर ९० दिवस कशाला, आठ तासांची ठेवा. एसएसएच सर्टिफिकेटं (सही केलेली, मुदतीची किल्ली) ओपनएसएसएचमध्ये ५.४ आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०१० पासून आहेत. लोकांना अजून माहीत नाहीत याचं मला नवल वाटतं. मशीनवर फक्त सीएची (सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्या यंत्रणेची) पब्लिक की ठेवायची, एसएसएचडीच्या (मशीनवरच्या एसएसएच सेवेच्या) कॉन्फिगमध्ये ट्रस्टेड युझर सीए कीज ही एक ओळ. माणसाने सकाळी आपली पब्लिक की सही करून घ्यायची, संध्याकाळी सर्टिफिकेट आपोआप मेलेलं. रोटेशन नावाचा प्रकारच उरत नाही. आणि ती सीएची पब्लिक की क्लाउड-इनिटने किंवा इमेजमध्येच भाजून घालायची, हे मात्र टेराफॉर्मच्या हद्दीतलं काम, कारण ती खरंच जन्माच्या वेळी द्यायची गोष्ट आहे. आम्ही सही करायला व्हॉल्ट (गुपितं सांभाळणारं सॉफ्टवेअर) लावलं. छोट्या टीमला एसएसएच-कीजेन ही आज्ञा आणि एक कुलूपबंद मशीनही पुरतं.

थोडी खबरदारी, जी मी वरच लिहायला हवी होती. सीएची प्रायव्हेट की गेली तर सगळंच गेलं, म्हणून ती माणसांच्या हाती देऊ नका. मशिनांची घड्याळं चुकली तर सर्टिफिकेट 'अजून वैध नाही' म्हणून नाकारलं जातं. एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर (एसएसएचच्या किल्लीशिवाय मशीनवर शिरायची सोय) चालत असेल तर एसएसएचचं २२ पोर्टच बंद करा आणि हे उत्तर विसरा. तासाभरात पाडायची टेस्ट मशिनं असतील तर टीएलएस प्रायव्हेट की खुशाल वापरा, मीही वापरतो. ओपनटोफूमध्ये (टेराफॉर्मचा मुक्त अवतार) १.७ पासून (२०२४) स्टेट एन्क्रिप्ट करता येते, टेराफॉर्ममध्ये १.१० पासून स्टेटमध्ये न उतरणारे इफेमरल रिसोर्स आहेत. त्याने उघड्या कीचा प्रश्न हलका होतो. चालत्या मशीनवरची ऑथराइज्ड कीज फाईल मात्र यांपैकी कुणीच बदलत नाही.

आणि ज्यांनी आधीच हा गोंधळ घातला आहे त्यांच्यासाठी: रेपोतून रिसोर्स काढला तरी बकेटमधल्या स्टेटच्या जुन्या आवृत्त्यांत की राहतेच. म्हणून आधी मशिनांवरून ती पब्लिक की काढा, मग जुन्या आवृत्त्यांकडे वळा. काढताना दुसऱ्या विंडोत एक सेशन उघडं ठेवा आणि नव्या किल्लीने आत जाऊन खात्री होईपर्यंत ते बंद करू नका.

सर, तुम्ही हे वाचत असाल तर, ती गौरीच्या दिवसाची जुनी की आम्ही शेवटी काढली. तुम्ही गेल्यानंतर. ४१ पैकी ४० मशिनांवरून ती आठवड्यात गेली. एकेचाळिसावं, रिपोर्टिंगचं ते जुनं मशीन, कुणाच्याच यादीत नव्हतं. ते २०२२ च्या मार्चमध्ये सापडलं, आणि ती पेम त्यावर पहिल्या फटक्यात चालली.