बूम दिसला म्हणून उडी नको

प्रश्न: 'स्ट्रीट फायटर 6' या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये मी झांगीफ हा पैलवान घेतो. बाकीच्यांशी निभावतं, पण समोर गाइल आला की संपलंच. तो लांब बसून सॉनिक बूम (हवेतून येणारा फटका) सोडत राहतो, मी उडी मारली की फ्लॅश किक या उलट्या लाथेने पाडतो. जवळ जायचं कसं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: हे दुखणं 1991च्या 'स्ट्रीट फायटर 2'पासूनचं आहे. हे दोघे तेव्हापासून आमनेसामने आहेत आणि लांबून खेळायचं असेल तर पारडं गाइलचंच जड. पण त्याचं बळ जिथे आहे तिथेच त्याची अडचणही आहे: चार्ज.

बूमसाठी त्याला मागची दिशा थोडा वेळ धरून मग पुढे आणि पंच करावं लागतं. फ्लॅश किकसाठी खालची दिशा धरून मग वर आणि किक. म्हणून तो सदा खाली-मागे दाबून बसलेला दिसतो, त्या एका तिरक्या दिशेत दोन्ही चार्ज भरतात. आता उलट बाजूने बघा. तो उठून पुढे चालू लागला की दोन्ही चार्ज गेले, पुन्हा बसेपर्यंत ना बूम, ना किक. तुमचं पाऊल पुढे पडायला याहून चांगली वेळ नाही. बूम सोडला त्या क्षणीही दोन्ही चार्ज रिकामे होतात.

तुमची उडी इथेच फसते. बूम दिसल्यावर तुम्ही उडता, पण डोळ्याने बघून बोट हलेपर्यंत आणि झांगीफ खाली येईपर्यंत गाइल पुन्हा भरून बसलेला असतो. उडी बूमच्या *बरोबर* पडली तर त्याच्याकडे फ्लॅश किक नसते. म्हणजे ती अंदाजाने मारायची, बघून नव्हे, आणि एका राउंडमध्ये एक-दोनदाच. चोडणची फेरीबोट चुकली म्हणून कोणी मांडवीत उडी घेत नाही, पुढची येईपर्यंत थांबतो.

बाकी वेळ चाला. दोन पावलं पुढे, बूम जवळ आला की पॅरी (बटण दाबून फटका झेलणं), बटण लगेच सोडा, पुन्हा दोन पावलं. नुसत्या ब्लॉकने ड्राइव्ह गेज (बारांमध्ये मोजली जाणारी शक्तीची पट्टी) झिजतं, पॅरीने अडवलं तर भरतं. पॅरी सुरू करताना अर्धा बार जातो आणि बटण धरून ठेवलं तर गळती चालूच राहते. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. हलक्या पंचाचा बूम हळू जातो, गाइल त्याच्या मागोमाग चालत येतो आणि तुम्ही पॅरी धरून उभे असाल तर सरळ थ्रो करतो. पॅरीवर लागलेला थ्रो पनिश काउंटर धरला जातो, नुकसान जास्त. मधल्या अंतरावर बूम पॅरी केल्याबरोबर पुढे-पुढे दाबून ड्राइव्ह रश (झपाट्याची धाव) घ्या. एक बार जातो, पण गाइल अजून चार्ज भरत असतो. दुरून घेतलेला रश मात्र पुढच्या बूमवर आपटतो.

ड्राइव्ह इम्पॅक्ट ही जोरदार धडक दोन फटके सोसते, म्हणून बूममधून आरपार जाण्याचा मोह होतो. ती सुरू व्हायला 26 फ्रेम लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाला जरा कमी. लांबून मारलात तर गाइल सावकाश आपला इम्पॅक्ट काढून तुम्हाला उलटवेल. त्याचा बूम निघताना तुम्ही जवळपास स्वीपच्या (खालून पाय मारून पाडण्याच्या) अंतरावर असाल तरच वापरा.

तुम्हाला खरं तर गाइल नको आहे, भिंत हवी आहे. एका गोलाची आघाडी घेऊन चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढणारा संघ आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलाय. गाइलचा कोपरा त्याच्याच पाठीमागे असतो. तुम्ही घेतलेली जागा परत देऊ नका, म्हणजे मागे उडी नाही. भिंतीशी आला की हलक्या पंचाचा स्क्रू पाइलड्रायव्हर (झांगीफची पकडून आपटण्याची चाल) लांबून पकडतो, जोरदार पंचाचा जास्त दुखवतो पण जवळूनच लागतो. त्याच्याकडे दोन बार शिल्लक असतील तर पाडल्यावर पहिल्या वेळी नुसतं ब्लॉक करून बघा. घाबरून ओव्हरड्राइव्ह (दोन बार खर्चून केलेली, जास्त ताकदीची) फ्लॅश किक काढणारे पुष्कळ असतात. ती ब्लॉक झाली की पुढचा सगळा हिशोब तुमचा. तुमचं आयुष्य 11,000, त्याचं 10,000, तेव्हा एखादा बूम खाल्ला तर रडू नका.

सराव असा: ट्रेनिंगमध्ये डमीला गाइल करा आणि चार रेकॉर्डिंग भरा. हळू बूम आणि मागोमाग थ्रो. जोरदार बूम आणि लगेच खाली-मागे. बूम न सोडता बसून राहणं आणि फ्लॅश किक. उठून पुढे चालणं. रँडम लावून रोज पंधरा मिनिटं. चौथ्या रेकॉर्डिंगवर तुमचं पाऊल आपोआप पुढे पडू लागलं की रँकच्या (ऑनलाइन क्रमवारीच्या) सामन्यांत जा.

प्रश्न: स्क्रू पाइलड्रायव्हर करताना झांगीफ उडी मारतो.
— एक वाचक, डिचोली

उत्तर: या चालीसाठी दिशांचं पूर्ण वर्तुळ फिरवायचं असं सगळे समजतात, पण ते लागतच नाही. पुढे, खाली, मागे, वर या चार दिशा लागल्या की पुरे, म्हणजे पाऊण फेरा. पंच 'वर'च्या बरोबरीने पडला पाहिजे, मागाहून नव्हे. उभ्या-उभ्या फिरवू नका: उडीत असताना फेरा पूर्ण करून पाय टेकताना पंच दाबा, किंवा हलका पंच ब्लॉकवर मारून तो संपेपर्यंत फिरवा.

प्रश्न: बूम मला निघताना दिसतच नाही, एकदम समोर येतो. गेममध्ये बिघाड आहे का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर: बिघाड नाही, नेट आहे. हा गेम सेकंदाला 60 फ्रेम चालतो, एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंद. समोरच्याचं बटण उशिरा पोचलं की गेम मागे जाऊन चित्र दुरुस्त करतो आणि बूमच्या सुरुवातीच्या फ्रेम गाळल्या जातात. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती वायफाय गिळतात, 5 गिगाहर्ट्‌झचं तर हमखास. राउटर ओसरीवर आणि कन्सोल मागच्या खोलीत असेल तर लॅन केबल ओढा, 100 मीटरपर्यंत चालते. टीव्हीचा गेम मोड चालू करा. पावसाळ्यात वीज क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो आणि मॅच जाते, म्हणून त्याला छोटा यूपीएस जोडा. आणि केबल येईपर्यंत पहिल्या उत्तरातलं बघून करायचं सगळं बाजूला ठेवा. नेट खराब असताना अंदाजाची उडी आणि चालणं एवढंच कामाला येतं.