घोडी बोर्डिंगला ठेवताय? दराआधी रात्रीचं विचारा

सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी घेतली, पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, तीन तबेल्यांनी बोर्डिंगचे, म्हणजे पैसे घेऊन घोडी ठेवण्याचे, तीन प्रकार आणि तीन दर सांगितले, कुठला घेऊ, असं तुम्ही विचारलंय. वाचून जुनं दुखणं वर आलं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. मी पशुवैद्य नाही. औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. खरारा (ब्रशने अंग घासणं), खूर साफ करणं तुम्हाला येतं असं धरतो.

फुल बोर्डिंगमध्ये जागा, वैरण, चंदी (दाणा), सईस (घोडी सांभाळणारा माणूस) आणि लीद काढणं येतं. नालबंद, लसी, जंतनाशक, डॉक्टर बहुतेक ठिकाणी वेगळे. दर ऐकताना हे खर्च हिशेबाबाहेर ठेवू नका, नाहीतर स्वस्त वाटलेलं महिनाअखेर महाग पडतं.

अर्धं बोर्डिंग म्हणजे जागा आणि सईस त्यांचा, चारा तुमचा. नोकरी करणाऱ्याने या फंदात पडू नये, हे माझं ठाम मत. तुमचा चारा शनिवारी संपतो, तुम्ही रविवारी जाता, मधल्या वेळात सईस हाताला येईल ते टाकतो. घोड्याला ओकता येत नाही. खाणं बदलायचं तर सात-दहा दिवसांत थोडं थोडं बदलावं लागतं. एका रात्रीत बदललं की पोटशूळाचा धोका.

तिसरा प्रकार घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबवाल्यांचा: दर कमी, बदल्यात घोडी शिकाऊंना स्वारीला देणार. वाईट नाही, पण दिवसाला किती तास, आठवड्याला किती सुट्ट्या आणि स्वाराचं वजन किती, हे कागदावर हवं. खोगिरासकट वजन घोडीच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा कमी असावं. खोगीर तुमचंच वापरायला सांगा. दुसऱ्याच्या खोगिराने पाठ लागली की महिनाभर घोडी उभी.

वैरणीचा एक हिशेब करून जा. 360 किलोच्या घोडीला दिवसाला साधारण सात किलो कोरडा चारा लागतो. "पंधरा किलो गवत देतो" म्हणाले तर ओलं की वाळलेलं विचारा. ओल्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे पंधरा किलोत कोरडा चारा जेमतेम तीन-साडेतीन किलो. नुसत्या नेपिअर गवतावर किंवा उसाच्या वाढ्यांवर ठेवलेली घोडी सुरुवातीला गुटगुटीत दिसते. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. वर गव्हाचा कोंडा भरपूर असला तर आणखी वाईट. शेजारी गाई-म्हशी असतील तर त्यांचं पशुखाद्य घोडीच्या तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीत) जाता कामा नये. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते गुरांना चालतं, घोडा त्याने मरतो.

आता मुख्य मुद्दा. रात्री नऊ ते पहाटे पाच घोडीजवळ कोण असतं, आणि डॉक्टर बोलवायचा अधिकार कुणाला?

आम्हाला भोवलं ते एका तबेल्याचं ऑफिस. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. करारात ओळ होती, "उपचार मालकाच्या संमतीने." वाचायला छान. रात्री घोड्याच्या मालकाचा फोन लागला नाही, सईसला अधिकार नाही, मॅनेजर सकाळी येणार. घोडं लोळत राहिलं. वर बिलात "रात्र देखरेख" वेगळी लावलेली! विचारलं तर उत्तर एकच, "करारात आहे ना साहेब."

म्हणून करारात उलटं लिहून घ्या: फोन लागो न लागो, अमुक रकमेपर्यंत डॉक्टर लगेच बोलवायचा, खर्च माझा. डॉक्टरांची दोन नावं आणि नंबर, रात्री न्यायला गाडी कुणाची, हे ठाणाच्या (घोडी बांधायच्या जागेच्या) दारावर चिकटवा. सईसला खुणा दाखवून ठेवा: कुशीकडे वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, लोळणं, लीद बंद. शांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44. 60 च्या वर गेली की वाट बघायची नाही, डॉक्टर बोलवायचा. चारा-चंदी काढून घ्यायची. आणि नाकातून तेल किंवा हिंगाचं पाणी ओतणाऱ्या जाणकाराला ठाणाबाहेर ठेवायचं. ते फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. वेदनाशामकही डॉक्टर येईपर्यंत कुणी टोचू नये, दुखणं दबतं आणि निदान चुकतं.

घोडी यात्रेतली आहे, म्हणून आधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो. अहवाल येईपर्यंत, आणि तसंही दोन-तीन आठवडे, घोडी वेगळी. बादली, तोबरा, खराऱ्याचा ब्रश सगळं वेगळं. जो तबेला "काही लागत नाही, आणा लगेच" म्हणतो, तो उद्या दुसऱ्याचंही तसंच आणेल आणि तुमच्या घोडीशेजारी बांधेल.

जाता जाता: पावसाळ्यात ठाणाची जमीन पायाने दाबून बघा. पाणी वर आलं किंवा अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबला तर खूर सडणार. दर सांगताना आवाज चढवणाऱ्यांपेक्षा लीद कुठे टाकतात ते न लाजता दाखवणारा मालक मला बरा वाटतो.

तिन्ही तबेल्यांची नावं इथे टाकू नका. वैरण कुठली आणि रात्री कोण झोपतं एवढं लिहा, मग निवड करता येईल.