आई-वडील पहिल्यांदाच मुंबई-दुबईमार्गे अमेरिकेला निघालेत. विमानतळावर काय काळजी घ्यावी?

प्रश्नात तुम्ही दिलेली माहिती अशी: आई-वडील सांगलीत, दोघंही पासष्टीच्या पुढचे, पहिलाच विमानप्रवास. मुंबई, दुबई, शिकागो आणि तिथून डेट्रॉइट. दुबईत तीन तासांचा थांबा. इंग्रजी जेमतेम. हे दोघांनाच जमेल का?

जमेल. सांगलीतून अशी तिकिटं काढून देणं हे माझं काम आहे आणि अडचणींची मुळं बहुतेक वेळा तिकीट काढताना किंवा घरात बॅग भरताना सापडतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे तिकिटाच्या एकाच आरक्षण क्रमांकावर आहे का, हे आधी पाहा. एकच तिकीट असेल तर मुंबईत दिलेली बॅग दुबईत त्यांना उचलावी लागत नाही, आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं तर दुसऱ्या विमानात बसवायची जबाबदारी विमान कंपनीची असते. स्वस्त पडतं म्हणून मुंबई-दुबई एकाचं आणि दुबई-शिकागो दुसऱ्याचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर यातलं काहीच लागू होत नाही. बॅग घ्यायला दुबईत इमिग्रेशनच्या, म्हणजे पासपोर्ट-व्हिसा तपासणीच्या बाहेर यावं लागू शकतं आणि त्यासाठी व्हिसा लागतो. वयस्कर माणसांसाठी असं तिकीट मी काढूच देत नाही. दुबईत तीन तास पुरेसे आहेत, दोनपेक्षा कमी मात्र घेऊ नका. शिकागोत किमान चार तास ठेवा, कारण खाली येईलच.

तारीख नीट वाचा. १२ तारखेला पहाटे ४:३० चं विमान म्हणजे सांगलीतून निघायचं ११ तारखेला दुपारी. १२ तारखेला रात्री बॅगा घेऊन निघणारे लोक खरंच असतात. सांगली ते सहार, म्हणजे मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, साधारण पावणेचारशे किलोमीटर. गाडीने आठ-नऊ तास धरा आणि वर दोन तास राखून ठेवा, कारण खंबाटकी घाट, नवले पूल आणि द्रुतगती मार्गावरचा खंडाळ्याचा उतार यांपैकी एक जागा तरी वेळ खाते. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणारी गर्दी मोठी असते, त्या दिवशी सकाळीच निघा. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते, तेव्हा दिवसभर टेकायला मुंबईत कुणाचं घर असेल तरच ती सोयीची. ड्रायव्हरला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका, ‘सहार, टर्मिनल २’ सांगा. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, त्यामुळे तिकिटावर बीओएम (सहार) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्या.

आता बॅग. सामानातल्या वस्तूंवरून होणारा खोळंबा बहुधा आपल्याच मायेने दिलेल्या वस्तूंमुळे होतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चालत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या मालात मोडतात. एक्स-रेमध्ये दिसल्या की बॅग बाजूला काढतात आणि प्रवाशाला बोलावून ती उघडायला लावतात. तेव्हा निघताना ओटीत मिळालेला नारळही घरीच ठेवा. पूजेच्या पुडीतला कापूर आणि काडेपेटी काढा. वडिलांना सुपारीची सवय असेल तर अडकित्ता मोठ्या बॅगेत टाका, खांद्यावरच्या पिशवीत नको. लोणचं, तूप, काकवी सगळं मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत द्रव आणि पातळ पदार्थ १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत आणि त्या सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील इतकेच. बरणीच्या झाकणाखाली प्लास्टिक ताणून लावा आणि बरणी दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर सगळ्या साड्यांना तेल लागतं.

खसखस अजिबात नको. दुबई-अबुधाबीत ती अमली पदार्थांच्या यादीत येते. नुसती पुडी काढून भागत नाही, दिवाळीच्या अनारशांवर आणि घरच्या मसाल्यातही ती असते. मसाला कुणी केलाय त्यांना विचारा. तिथे काही वेदनाशामक गोळ्यांवरही, विशेषतः ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेल्या, कडक बंधनं आहेत. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि औषधं मूळ पाकिटात, हातातल्याच बॅगेत ठेवा. डब्यात मोकळ्या गोळ्या भरून नेऊ नका.

अमेरिकेसाठी भडंग, बेदाणे, हळद हे दुकानातलं सीलबंद, लेबल असलेलं घ्या. ताजा कढीपत्ता, फळं, बी-बियाणं नको. सातारचे कंदी पेढे नातवंडांसाठी न्यावेसे वाटतात हे मी समजू शकतो, पण भारतातल्या दुधाच्या पदार्थांवर तिथे निर्बंध आहेत, ते अडकू शकतात. जे काही नेलंय ते ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ असं स्पष्ट सांगायचं. सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड होतो. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. १०० वॅट-अवरपर्यंतची चालते, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचची चालेल, पण तिच्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. विमानात ती वापरायला आता बऱ्याच कंपन्या मनाई करतात.

व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये एका गेटवरून दुसऱ्या गेटला जाताना बरंच चालावं लागतं, गुडघे दुखणाऱ्याला ते झेपत नाही. निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा आणि प्रकार नीट सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही जमत नाही, डब्ल्यूसीएचसी म्हणजे विमानातल्या सीटपर्यंत न्यावं लागतं. बहुतेकांना पहिला पुरतो. एकासाठी घेतली तरी दुसऱ्याने खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला धरूनच चालायचं, म्हणजे इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी दोघांचीही एकत्र होते. मात्र व्हीलचेअर ढकलणारे कर्मचारी दुबईत एका ठिकाणी बसवून ठेवतात आणि वेळ झाली की घेऊन जातात. तिथून मनाने उठून फिरायला जायचं नाही. स्वच्छतागृहाला जायचं असेल तर सांगून जायचं.

जेवणाचंही त्याच फोनमध्ये सांगून टाका. शाकाहारी असतील तर ‘एशियन व्हेजिटेरियन’, कोड एव्हीएमएल. ‘हिंदू मील’ हे नाव बघून लोक ते निवडतात. त्यात गोमांस नसतं, पण मांसाहार येतो.

मुंबईत दारावर जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो, म्हणून छापील तिकीट वरच ठेवा. सोडायला आलेल्यांचा निरोप तिथेच. उड्डाणाच्या साडेतीन-चार तास आधी पोचा, कारण काउंटर तास-दीड तास आधी बंद होतो. काउंटरवर बॅग दिली की तिच्या पट्टीवरचं शेवटचं ठिकाण बघायचं: डेट्रॉइटचा कोड डीटीडब्ल्यू. बोर्डिंग पास प्रत्येकी तीन मागायचे आणि शिकागो-डेट्रॉइटचा तिथे मिळत नसेल तर तो कुठे मिळेल ते विचारायचं. बॅगेची चिकटपट्टी पासपोर्टच्या मागे लावून देतात, ती डेट्रॉइटपर्यंत काढायची नाही. भारतीयांना आता इमिग्रेशनला कसलाही फॉर्म भरावा लागत नाही. मुंबईत आणि बाहेरही बऱ्याच मोठ्या विमानतळांवर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, तेव्हा ‘नाव पुकारतील’ म्हणून बसून राहू नये. दर अर्ध्या तासाने विमानांच्या वेळा आणि गेट दाखवणारा पडदा बघायचा.

दुबईत उतरल्यावर पहिलं काम घड्याळ दीड तास मागे घेणं. बोर्डिंग पासवरची वेळ तिथली असते. पाट्यांवर ‘कनेक्शन्स’ किंवा ‘ट्रान्सफर’ दिसेल तिकडे जायचं. ‘अरायव्हल’ आणि ‘बॅगेज’कडे जायचं नाही. पुन्हा सुरक्षा तपासणी होते, त्यामुळे पाण्याची बाटली आधी रिकामी करायची. एमिरेट्सने येत असाल तर टर्मिनल ३ मध्येच राहायचं असतं. गेट ए, बी किंवा सी या अक्षराने सुरू होतो आणि ए ते बी जायला आतली रेल्वे आहे. गेट आयत्या वेळी बदलतो, म्हणून खाणंपिणं, आराम सगळं गेट शोधून झाल्यावर. तो उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतो. तुम्ही इकडे फोनची वाट बघत बसाल, म्हणून हेही सांगतो: दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल सहसा लागत नाही. मेसेज आणि रेकॉर्ड केलेला आवाज जातो. विमानतळाच्या फुकट वायफायवरून आईने ‘पोचलो’ एवढं बोलून पाठवावं, हे घरी दोन-तीनदा करून घ्या.

एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत ठळक लिहून द्या: विमानाचा क्रमांक, वेळ आणि ‘कृपया आम्हाला या गेटला जायचा रस्ता दाखवा’. मागे तेच मराठीत, म्हणजे आपण काय दाखवतोय हे त्यांना कळेल. दोघांकडे वेगवेगळा पुठ्ठा हवा.

शिकागोत मात्र नियम बदलतो. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं आणि पट्टीवर डेट्रॉइट असलं तरी बॅगा तिथे स्वतः उचलून, कस्टममधून बाहेर येऊन, पुन्हा पुढच्या विमानासाठी पट्ट्यावर द्याव्या लागतात. बॅगेला लाल रिबन बांधा, ओळखायला सोपं जातं. अधिकारी विचारतो ते ठरलेलं: कुणाकडे आलात, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट आहे का. मुलाचा पत्ता आणि फोन इंग्रजीत छापून द्या. आपल्या भाषेत बोलायचं असेल तर ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ म्हणायला हरकत नाही. परदेशातून येणारी विमानं बहुधा टर्मिनल ५ ला लागतात. युनायटेड कंपनीचं पुढचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर मधली रेल्वे फुकट आहे, पण तिकडे पुन्हा सुरक्षा तपासणी आहे. चार तास म्हणालो ते यासाठी.

दुबईत विमान चुकलंच तर घाबरून बाहेरच्या दाराकडे जायचं नाही. ‘ट्रान्सफर डेस्क’वर बोर्डिंग पास आणि बॅगेची चिकटपट्टी दाखवायची. एकाच तिकिटावर असाल तर पुढच्या विमानात जागा तेच देतात. नवा बोर्डिंग पास हातात आल्यावर बॅगाही त्याच विमानात चढणार आहेत ना, हे तिथेच विचारून घ्यायचं आणि नव्या विमानाचा क्रमांक मुलाला मेसेजने कळवायचा.