इंजेक्शन तेच, गाय तीच. मग पहिल्या वेळी माज का आला नाही?

प्रश्न : माझी होल्स्टीन संकरित गाय दुसऱ्या वेताला व्याली, त्याला आता तीन महिने होत आले. ती माजावर येईना म्हणून डॉक्टरांनी प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिले आणि दोन-तीन दिवसांत माज येईल असे सांगितले. आदल्या दिवशी तिच्या शेपटीला थोडे रक्त लागलेले दिसले होते. आठवडा गेला तरी माज आला नाही. अकराव्या दिवशी तेच इंजेक्शन पुन्हा दिल्यावर मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी गाय माजावर आली व संध्याकाळी रेतन केले. पहिले औषध बनावट होते का?
– एक दूध उत्पादक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून औषधावर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. उलगडा शेपटीला लागलेल्या त्या रक्तात आहे. माजाच्या काळात वाढलेल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे गर्भाशयाच्या अस्तरातील रक्तवाहिन्या भरतात आणि त्याची पातळी उतरली की बारीक केशवाहिन्या फुटून, माज संपल्यावर साधारण एक ते तीन दिवसांनी, थोडे रक्त सोटाबरोबर (योनीतून येणाऱ्या चिकट स्रावाबरोबर) बाहेर पडते. याचा अर्थ तुमची गाय इंजेक्शनाच्या दोन-चार दिवस आधीच माजावर येऊन गेली होती. तो माज मुका, म्हणजे बाहेरून लक्षणे न दाखवणारा, असेल, किंवा रात्री गोठ्यात कोणी नसताना येऊन गेला असेल. (असे रक्त दिसले म्हणजे गाय उलटली, हा समज चुकीचा आहे. ते माज होऊन गेल्याची खूण आहे. गर्भ राहिला की नाही, हे त्यावरून ठरत नाही.)

आता हे इंजेक्शन नेमके काय करते ते पाहू. माजाच्या वेळी बीजांडकोशावरील मोठ्या झालेल्या पुटिकेतून (स्त्रीबीज असलेल्या, द्रवाने भरलेल्या फुगवट्यातून) इस्ट्रोजेन पाझरते, त्याच्या प्रभावाने मेंदूतील हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात सोडतो आणि त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच हे दुसरे संप्रेरक एकदम उसळते. या उसळीनंतर साधारण 28 तासांनी पुटिका फुटून स्त्रीबीज बाहेर येते, तर माज बहुधा 12 ते 18 तासांतच ओसरतो. म्हणून सकाळच्या माजाला संध्याकाळी रेतन करतात आणि तुम्ही ते योग्य वेळी केले आहे. फुटलेल्या पुटिकेच्या जागी पीतपिंड तयार होतो. त्यातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन जोवर रक्तात पुरेसे आहे, तोवर जीएनआरएच व एलएच दबलेले राहतात आणि गाय माज दाखवत नाही.

गर्भ राहिला असेल, तर सोळाव्या दिवसाच्या सुमारास तो इंटरफेरॉन टाऊ हे प्रथिन सोडून आपली खबर गर्भाशयाला देतो व पीतपिंड टिकतो. ही खबर मिळाली नाही, तर गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन तयार करते. हे द्रव्य फुप्फुसांतून एकदा फिरले की त्याचा मोठा भाग नष्ट होतो. म्हणून ते गर्भाशयाच्या शिरेतून तिला बिलगून जाणाऱ्या बीजांडकोशाच्या धमनीत थेट झिरपते. इतकी वर्षे हा विषय हाताळूनही या रचनेचे मला नवल वाटते. पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन उतरते, नवी पुटिका पक्व होते आणि सरासरी 21 व्या दिवशी गाय पुन्हा माजावर येते.

इंजेक्शनातील प्रोस्टाग्लँडिन हेच काम वेळेआधी करून घेते. माज निर्माण करण्याची शक्ती त्यात नाही. पीतपिंड विरघळवण्याची आहे, आणि माजानंतरच्या पहिल्या पाच दिवसांतील कोवळा पीतपिंड त्याला दाद देत नाही. तुमच्या गायीचा पीतपिंड पहिल्या वेळी दोन-चार दिवसांचा होता, अकरा दिवसांनी तो तेरा ते पंधरा दिवसांचा, म्हणजे पूर्ण वाढलेला होता. दोन इंजेक्शनांत 11 ते 14 दिवसांचे अंतर ठेवण्याची पद्धत याच हिशेबावर बसवलेली आहे.

मात्र हा हिशेब चक्र सुरू असलेल्या गायीलाच लागू पडतो. व्याल्यानंतर दुधाचा जोर असताना खाद्यातून मिळणारी ऊर्जा कमी पडली, तर एलएच थोड्या थोड्या वेळाने स्रवण्याचे ठोके मंदावतात, पुटिका वाढतात पण फुटत नाहीत, आणि मग पीतपिंडच नसल्याने प्रोस्टाग्लँडिन कितीही वेळा टोचले तरी उपयोग होत नाही. अशा गायीला आधी पुरेसा चारा, खुराक व खनिज मिश्रण हवे. त्यानंतर गरज पडल्यास प्रोजेस्टेरॉन सोडणारे साधन योनीमार्गात सात दिवस ठेवण्यासारखे उपचार आहेत. म्हणून हाताने किंवा सोनोग्राफीने बीजांडकोश तपासल्याखेरीज इंजेक्शन द्यायला सांगू नका, असा माझा आग्रह आहे.

रेतनाची तारीख गोठ्यात लिहून ठेवा आणि तिथून 18 ते 24 दिवसांच्या काळात पहाटे व रात्री उशिरा गायीवर लक्ष ठेवा. या काळात माज दिसला नाही, तर साधारण तिसाव्या दिवसानंतर सोनोग्राफीने, किंवा दोन महिन्यांनी हाताने, गाभण तपासणी करून घ्या. तोपर्यंत ‘माजावर येत नाही’ म्हणून हे इंजेक्शन पुन्हा देऊ नका, कारण गर्भ राहिला असेल तर त्याला टिकवून धरणारा पीतपिंडच त्याने विरेल आणि गाय गाभडेल. घरातील गर्भवती स्त्रीने व दमा असलेल्या माणसाने या औषधाची बाटली हाताळू नये. ते त्वचेतूनही शरीरात शिरते.