सही कोणाची चालेल?

प्रश्न: माझ्या बहिणीची मुलगी अकरावीपासून माझ्याकडे विक्रोळीला राहते, आईवडील कणकवलीला. ती 17 वर्षांची आहे. तिला दिवस गेलेत, दोन पाळ्या चुकल्या. मुलगा 19 वर्षांचा. तिला मूल नको आहे. बाबांना कळलं तर जीव घेतील म्हणते. इथले डॉक्टर म्हणाले, आईवडिलांच्या सहीशिवाय हात लावणार नाही. मी सही केली तर चालेल का? की मेडिकलमधून गोळ्या आणू?
– एक मावशी

ताई, आधी गोळ्यांचं. आणू नका. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे तुमच्या हिशेबापेक्षा ते जास्तच भरतील. कायद्याने गोळ्या 9 आठवड्यांपर्यंतच देता येतात, त्याही डॉक्टरांनीच. शिवाय गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. नळीत असला तर गोळ्यांचा उपयोग नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं.

आता सही. 1971 च्या गर्भपात कायद्यात 18 वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. पण पालक म्हणजे आईबापच, असं तो कायदा म्हणत नाही. मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती ती पालक. पोरगी तुमच्या घरी राहते, तुमच्या हातचा डबा नेते. तेव्हा तुमची सही चालायला हवी. व्यवहारात मात्र रुग्णालयं आईबापांचाच हट्ट धरतात, पुढे भानगड नको म्हणून. त्या डॉक्टरांशी वाद घालत दिवस घालवू नका. सायन, केईएम किंवा नायर या पालिकेच्या रुग्णालयांपैकी एकात, स्त्रीरोग विभागात जा. दोघींची आधार कार्डं, कॉलेजचं ओळखपत्र आणि ती तुमच्याकडे राहते याचा जो कागद असेल तो घ्या. केसपेपरच्या खिडकीवर कोणी मोठ्याने ‘लग्न झालंय का?’ विचारलं, तर ‘ते डॉक्टरांना सांगू’ एवढंच म्हणा. नाव गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ते फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मला या कायद्यातलं एक कधीच पटलेलं नाही. 17 वर्षांच्या मुलीने मूल जन्माला घालायचं म्हटलं तर कोणाची सही लागत नाही. नको म्हटलं की लागते. असो. निदान 2024 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका 14 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलगी आणि पालक यांचं मत वेगळं पडलं, तर मुलीचं म्हणणं महत्त्वाचं धरायला हवं. म्हणून तिला ‘मूल नको’ हे डॉक्टरांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

एक अवघड गोष्ट लपवत नाही. ती 18 च्या आत आहे, त्यामुळे तिच्या राजीखुशीने झालं असलं तरी पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा लागतो, आणि डॉक्टरांना पोलिसांत कळवावंच लागतं. कळवण्याचं हे बंधन तुमच्यावरही आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालानुसार तुम्ही दोघींनी विनंती केली, तर डॉक्टर त्या कळवण्यात तिचं नाव-पत्ता गाळू शकतात. विनंती पहिल्याच भेटीत करा. त्या 19 वर्षांच्या मुलाचं काय होईल, ही काळजी तुम्हाला वाटत असेल. ती नंतर. त्याआधी मुलीला एकटीला घेऊन बसा आणि विचारा, तिच्यावर जबरदस्ती झाली होती का, कोणी फोटो-व्हिडिओची भीती घातली का. उत्तर ‘हो’ आलं तर सगळंच बदलतं. तेव्हा नाव झाकायची घाई करू नका. 1098 वर, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, फोन करा.

राहिली तुमची बहीण. आईवडील दोघांच्या सह्या लागत नाहीत, वडिलांची तर मुळीच नाही. रुग्णालय आईसाठीच अडून बसलं, तर मुलीला विचारून फक्त बहिणीला बोलवा, तुमच्या तब्येतीचं निमित्त सांगून. फोनवर काही बोलू नका, कणकवलीच्या घरात फोन कोण ऐकतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘जीव घेतील’ हे मुलीचे शब्द मी नुसते बोलण्याच्या ओघातले धरणार नाही, तुम्हीही धरू नका. सगळं होऊन ती बरी होईपर्यंत तिला गावी पाठवू नका, सुट्टी असली तरी.